धक्क्यामागची जमीन: धरमतर खाडीकाठच्या एका गावाच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. रायगड जिल्ह्यातल्या धरमतर खाडीच्या काठी गाव. गावाला लागून अंबा नदीवर बार्ज, म्हणजे सपाट तळाची मालवाहू नाव, लागण्यापुरता एक जुना धक्का आहे. आता तो वाढवून मोठं बंदर करायचा प्रस्ताव आला आहे. सल्लागारांनी ग्रामपंचायतीत रंगीत नकाशा दाखवला: धक्का, कोळशाचं यार्ड, गोदामं, ट्रकतळ, आणि उरलेल्या खारजमिनीवर ‘भविष्यातील विस्तार’. गावात दोन तट पडले आहेत. ग्रामपंचायतीचे एक सदस्य विचारतात, “नकाशात आम्ही नेमकं काय बघायचं, हरकत कशावर घ्यायची आणि मागायचं काय?”

नमस्कार. तीस वर्षं मी बंदरांच्या जमिनी आखण्याचंच काम केलं. सुरुवात कोलकात्याला हुगळी नदीच्या काठी झाली, नंतरचा बहुतेक काळ कोकणातल्या खाड्यांवर गेला. बंदर हवं की नको, हे तुमच्या वतीने मी ठरवणार नाही. पण नकाशा कसा वाचायचा ते सांगू शकतो. बंदर आलं किंवा नाही आलं, तरी ते तुमच्या कामाला येईल.

नकाशातल्या प्रत्येक रंगाला एकच प्रश्न विचारा: याचं पाण्यावाचून अडतं का?

धक्क्याचं अडतं. बार्जमधून माल उचलणाऱ्या क्रेनचं अडतं. मासळी उतरवायच्या जागेचं, होड्या ओढून ठेवायच्या उताराचं, तरीच्या, म्हणजे प्रवासी होडीच्या जेटीचं, शेतातलं पाणी खाडीत सोडणाऱ्या उघाडीचं अडतं. गोदामाचं अडत नाही. ट्रकतळाचं, वजनकाट्याचं, ऑफिसचं, कामगारांच्या वसाहतीचं तर मुळीच नाही. कोळशाच्या यार्डाचंसुद्धा अडत नाही. मधे कन्व्हेयर बेल्ट टाकला की ते अर्धा किलोमीटर मागे जाऊ शकतं. किनारा नियमन क्षेत्राचा, म्हणजे सीआरझेडचा, कायदाही याच पायावर उभा आहे: ज्याला पाण्याच्या काठाची थेट गरज आहे त्याला काठ, बाकीच्यांनी मागे सरकायचं. त्यामुळे हा आग्रह धरलात तर तुम्ही विकासाच्या आड येताय असं कोणाला म्हणता येणार नाही. कायद्याची भाषाच तुम्ही बोलत असाल.

मी यावर इतका अडून का बसतो ते सांगतो. चार किलोमीटर काठ असला म्हणजे चार किलोमीटर बंदर होत नाही. नदी वळते तिथे बाहेरच्या वळणाला पाणी जोरात घासून जातं आणि खोली टिकते. आतल्या वळणाला पाणी मंदावतं, गाळ बसतो, सुकतीला म्हणजे ओहोटीला चिखल उघडा पडतो. सुकतीलाही बार्ज तरंगती राहील असा काठ एखाद्या गावाच्या वाट्याला पाच-सहाशे मीटर येतो, कधी तेवढाही नाही. तुमच्या नकाशावर सबंध काठ एकाच निळ्या रेषेने काढला असेल. त्यातला खोल पाण्याचा तुकडा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे सल्लागारांना विचारा. पाण्याची खोली मोजलेला नकाशा त्यांच्याकडे असतोच. तो जमिनीच्या नकाशावर ठेवून दाखवायला सांगा. हा तुकडा एकदा चुकीच्या कामाला गेला की दुसरा तयार करता येत नाही. केलाच, तर दर वर्षी गाळ उपसत बसायचं.

ही चूक मी स्वतः केली आहे. कोकणातल्याच एका खाडीवर, कामाच्या सुरुवातीच्या काळात, खोल पाण्याला लागून असलेला सपाट तुकडा मी गोदामांना दिला. एकाच मालकाची जमीन होती, मोजणी झालेली होती, भरावही कमी लागणार होता. कागदावर सगळं चोख दिसत होतं. आठ वर्षांनी माल वाढला, दुसरी बार्ज लावायला जागा हवी झाली, तेव्हा त्या काठावर सिमेंटच्या पोत्यांची गोदामं उभी होती आणि भाडेपट्टा तीस वर्षांचा होता. मग धक्का वळणाच्या आतल्या बाजूला न्यावा लागला. तिथला गाळ उपसण्याचा खर्च त्या बंदराला पुढे जन्मभर पुरला.

आता हुगळीकडे येतो. नदीबंदराची जमीन काळाबरोबर कशी बदलते, हे तिथे जेवढं स्पष्ट दिसतं तेवढं दुसरीकडे कुठे मी पाहिलं नाही. कोलकाता समुद्रापासून सुमारे दोनशे किलोमीटर आत आहे. १८७० मध्ये बंदराचा स्वतंत्र कारभार सुरू झाला. आधी माल शहरातच, स्ट्रँड या नदीकाठच्या रस्त्याला उतरायचा, म्हणून तिथे गोदामांची रांग उभी राहिली. १८९२ मध्ये खिदिरपूरची गोदी झाली, जहाजं खाली सरकली. १९२९ मध्ये आणखी खाली दुसरी गोदी झाली. नदी मात्र भरतच होती. १९७५ मध्ये गंगेवरचा फराक्क्याचा बंधारा सुरू झाला. गंगेचं ४०,००० क्युसेक पाणी हुगळीत सोडून गाळ पुढे ढकलायचा, ही त्यामागची कल्पना होती. तरीही मोठ्या जहाजांसाठी १९७७ मध्ये खूप खाली हल्दियाला वेगळी गोदी काढावी लागली. आणि आज हल्दियाच्या वाटेवरही गाळ उपसण्याचं काम थांबत नाही.

प्रत्येक वेळी बंदर पाण्यामागे सरकत गेलं. जमीन जागच्या जागी राहिली. स्ट्रँड रोडवर जुन्या गोदामांच्या भिंतीतून पिंपळ उगवलेले दिसतात. आत कुठे कोणाचा पोटभाडेकरू, कुठे नुसतं कुलूप. गोद्यांच्या भोवती शहर इतकं दाटलं की अवजड वाहनांना दिवसा रस्ता मिळत नाही. एकेकाळी बंदराचा माल वाहणारा काठावरचा रेल्वेमार्ग आज लोकांची चक्ररेल्वे, म्हणजे शहराभोवती फिरणारी लोकल, चालवतो. मला हा त्या गोष्टीतला सगळ्यात चांगला भाग वाटतो. कारण रुळाचा पट्टा सार्वजनिक मालकीचा राहिला, विकला गेला नाही, म्हणून शंभर वर्षांनी तो शहराच्या उपयोगी पडला.

कोकणात हे नवीन नाही. राजापूर, महाड, चिपळूणचं गोवळकोट ही सगळी नदीच्या तोंडापासून आत असलेली बंदरं. राजापूरला सतराव्या शतकात इंग्रजांची वखार होती. आज तिथपर्यंत मालाचं गलबत नेण्याचा विचारही कोणी करणार नाही. नद्यांनी आणलेल्या गाळाने ही बंदरं बुजली आणि बाजारपेठा तेवढ्या काठावर राहिल्या. २२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाडमध्ये पाणी शिरलं ते याच बाजारपेठांत. म्हणून नदीबंदराचा आराखडा करताना मी एक प्रश्न नेहमी विचारतो: हे बंदर इथून हलेल तेव्हा या जमिनीचं काय होणार? बहुतेक सल्लागारांना हा प्रश्न विचित्र वाटतो. तुम्ही तो विचारा.

आता कोळशाचं यार्ड. इथे आकडेमोड करावी लागते, पण ती पाचवीच्या पोराला जमेल इतकी सोपी आहे, आणि नकाशावरचा सगळ्यात मोठा रंग बहुधा याच आकड्यावर उभा असतो. समजा वर्षाला १२ लाख टन कोळसा येणार आहे. म्हणजे दिवसाला साधारण ३,३०० टन. यार्डात आलेला कोळसा सरासरी २० दिवस पडून राहिला, तर कुठल्याही दिवशी तिथे ६६,००० टन असणार. ढिगाचे उतार धरून सरासरी उंची ३ मीटर घेतली, तर एका चौरस मीटरवर सुमारे अडीच टन मावतो. म्हणजे नुसत्या ढिगांना २७,००० चौरस मीटर. मधले रस्ते, गटारं, पाणी फवारायची आणि गाळ बसवायची टाकी धरली की ४५,००० चौरस मीटर, म्हणजे ११ एकर. हाच कोळसा २० ऐवजी ४० दिवस पडून राहिला की २२ एकर लागतात.

माल तेवढाच, जमीन दुप्पट. फरक पडला तो माल किती दिवस पडून राहणार यावर. तो आकडा ठरतो व्यापाऱ्याच्या सोयीवर, रेल्वेचा रेक, म्हणजे मालगाडी, मिळण्यावर आणि भाडं किती स्वस्त आहे त्यावर. पहिले काही दिवस फुकट आणि पुढे भाडं चढतं ठेवलं, तर माल झपाट्याने हलतो. स्वस्त ठेवलं, तर यार्ड म्हणजे कोळशाच्या व्यापाऱ्याचं कोठार होतं आणि त्याची किंमत तुमची खारजमीन मोजते. तेव्हा “यार्ड एवढं मोठं का?” असं मोघम विचारू नका. “माल किती दिवस पडून राहील असं तुम्ही धरलंय, आणि तो आकडा कुठून आणला?” असं विचारा. एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने मान्य करा. पावसाळ्यात बाहेर समुद्र खवळलेला असतो, वाहतूक मंदावते, म्हणून मे महिन्यात साठा वाढवून ठेवावा लागतो. त्यासाठी थोडी जास्त जागा मागितली तर ती रास्त आहे. फक्त ती जागा मेपुरती वेगळी दाखवली पाहिजे.

यार्ड कुठे, हा प्रश्न किती एवढाच महत्त्वाचा. फेब्रुवारीपासून मेपर्यंत आपल्याकडे दुपारनंतर वारा समुद्राकडून, वायव्येकडून येतो. सकाळी जमिनीवरून येतो, पण जोर दुपारच्याचा. म्हणजे यार्ड गावठाणाच्या वायव्येला असेल तर उन्हाळाभर धूळ घरात. एका खाडीकाठच्या गावात मी मार्चमध्ये गेलो होतो. अंगणात, पत्र्यावर, खाटांवर पापड वाळत घातले होते. एक मावशी मला काही बोलल्या नाहीत. त्यांनी एका पापडावरून तळहात फिरवला आणि हात माझ्यापुढे धरला. हाताच्या रेषांत काळं भरलं होतं. “ही ऑर्डर परत येणार,” एवढंच म्हणाल्या. त्या यार्डाच्या अहवालात धुळीची पातळी मर्यादेत असल्याचं लिहिलं होतं. मोजणी कधी केली ते मी शोधलं. ऑगस्टमध्ये. पावसात कोणत्या यार्डाची धूळ उडते? पेणच्या बाजूला बायकांचा किती पैसा वाळवणावर चालतो ते तुम्हाला माहीत आहे. हवेची मोजणी एप्रिल-मेमध्ये, दुपारी, वाळवण घालतात त्या अंगणात झाली पाहिजे, ही मागणी लिहून द्या.

आता खारजमिनीबद्दल. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण नकाशात ती ‘पडीक’ किंवा ‘मोकळी’ म्हणून दाखवतात आणि ते वाचलं की मला राग येतो. खारेपाटातली, म्हणजे खाडीकाठच्या या खाऱ्या पट्ट्यातली एक चौरस फूट जमीनही आपोआप झालेली नाही. खाडीचं पाणी अडवून, बाहेरकाठे म्हणजे खाडीकडचे बांध घालून, आत गोडं पाणी साठवून पिढ्यान्‌पिढ्या क्षार धुऊन काढले तेव्हा तिथे भात पिकला. बांध जोळ पद्धतीने, म्हणजे शेतकऱ्यांनी मिळून राबून, राखले जायचे. ज्याचं शेत त्याचा घाम. याच जमिनीच्या हक्कासाठी अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षं शेतं पडीक ठेवून संप केला. पोटाला चिमटा काढून. त्या मातीला ‘मोकळी जागा’ म्हणणारा नकाशा अर्धवट आहे, आणि हे पहिल्या सभेतच शांतपणे सांगायला हवं.

भावना बाजूला ठेवली तरी तांत्रिक मुद्दा उरतोच. खारबांध हे एक चालतं यंत्र आहे. भरतीला उघाडीचं झाप पाण्याच्या दाबाने बंद होतं, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतं. शंभर-दोनशे एकरांचं पाणी अशा एका उघाडीतून बाहेर पडतं. बंदराने मधेच पन्नास एकर भराव टाकला आणि उघाडीची वाट बुजवली, तर मागचे दीडशे एकर बंदराच्या हद्दीबाहेर असूनही बुडतात. नकाशात ते कुठेच दिसत नाही. कारण बंदराची हद्द सर्व्हे नंबरावर काढलेली असते आणि पाणी सर्व्हे नंबर ओळखत नाही. म्हणून प्रत्येक उघाडी, तिची रुंदी, तिच्यामागे किती क्षेत्र आहे आणि पाणी कोणत्या खोलगट वाटेने तिच्यापर्यंत येतं, याची यादी ग्रामपंचायतीने स्वतः करावी. खारभूमी विभागाकडे योजनांच्या नोंदी असतात, त्या मागवा. पण त्यावर थांबू नका. खासगी बांधांची माहिती गावातल्या म्हाताऱ्यांच्या डोक्यातच असते.

बार्जच्या लाटांचाही विचार करा. भरलेली बार्ज अरुंद खाडीतून जाते तेव्हा काठाचं पाणी आधी मागे ओढलं जातं आणि मग फटकन बांधावर आपटतं. एका आजोबांनी मला भांगाच्या दिवसांत, पाणी शांत असताना, बांधाच्या पायाशी नेलं होतं. चिंबोऱ्यांची बिळं होती, नेहमीचीच. त्यांनी बोटाने दाखवलं: बिळाच्या तोंडाची माती ताजी सुटलेली, ओली, आणि प्रत्येक बार्ज गेली की तेवढाच एक लपका पाण्यात. “खांड उधाणाला पडते, पण तिची तयारी रोज चालू असते,” ते म्हणाले. खांड म्हणजे बांधाला पडणारं भगदाड. बंदराच्या आराखड्यात म्हणून तीन गोष्टी बांधाच्या नावाने हव्यात: बार्जच्या वेगाला मर्यादा आणि ती मोजायची सोय, गाळ उपसताना बांधाच्या पायापासून ठरावीक अंतर, आणि वाहतुकीच्या संपूर्ण टप्प्यातल्या बांधांना दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर. फक्त बंदराच्या हद्दीतल्या बांधांना नव्हे. त्याचा खर्च दर टनामागे आकारणी करून काढता येतो. शासनाच्या अनुदानाची वाट बघायची गरज नाही.

याच ठिकाणी एक नाजूक बाब. बांध फुटून जुन्या शेतात खारं पाणी शिरलं, तिवरं म्हणजे कांदळवनाची झाडं उगवली, सातबारावर नाव अजून शेतकऱ्याचंच, असे तुकडे तुमच्याकडेही असणार. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर कांदळवन कोणाच्या मालकीच्या जमिनीवर आहे याने फरक पडत नाही. ते तोडायला बंदी आहे आणि सार्वजनिक हिताच्या कामालाही न्यायालयाची परवानगी लागते. दलाल येऊन सांगतात, “नाहीतरी तुमच्या कामाची राहिली नाही, देऊन टाका.” दिलीत तरी घेणाऱ्याला तिथे बंदर बांधता येणार नाही. मग तो ती का घेतोय, हे आधी विचारा. बहुतेक वेळा ती जमीन काठ ताब्यात ठेवायला, किंवा मागच्या जमिनीचा भाव पाडायला हवी असते. माझा सल्ला: असे तुकडे बंदराच्या नकाशात हिरवे दाखवून घ्या आणि कोणीही घाईने कागद करू नका.

पूर हा स्वतंत्र विषय आहे. दोन परिच्छेदांत आटोपतो. अंबा नदी सह्याद्रीतून सरळ खाली येते. जुलै १९८९ मध्ये जांभूळपाड्यात पुराने एका रात्रीत काय केलं ते पाली-नागोठणे परिसरात अजून सांगतात. वरून पूर आणि खालून उधाण एकाच वेळी आलं की पाणी खारजमिनीवर पसरतं. तेच त्या जमिनीचं अघोषित काम. आता बंदरासाठी ५० एकर जमीन दीड मीटर उंच केली, तर तीन लाख घनमीटर पाण्याची जागा गेली. ते पाणी नाहीसं होत नाही, शेजारच्या बांधावरून आत येतं. सल्लागारांकडे एकच मागा: भरावासह आणि भरावाविना पुराची पातळी, उधाणाच्या भरतीच्या वेळी, तुमच्या गावठाणातल्या एका ठरावीक ओट्यापाशी. मंदिराचा ओटा घ्या, सगळ्यांना समजतो.

हॅम्बुर्गमध्ये हे कसं सोडवलं ते सांगण्यासारखं आहे. तेही नदीबंदर, एल्ब नदीवर, समुद्रापासून शंभरेक किलोमीटर आत. फेब्रुवारी १९६२ च्या पुरात त्या शहरात तीनशेहून जास्त माणसं गेली. पुढे जुन्या गोद्यांच्या १५७ हेक्टरांवर त्यांनी शहराचा नवा भाग वसवला, तेव्हा सगळीकडे भिंत घातली नाही. इमारती आणि रस्ते समुद्रसपाटीपासून आठ-नऊ मीटरवर उचलले आणि काठाची फिरायची वाट खालीच ठेवली. मोठं पाणी आलं की वाट बुडते, लोक वरून ये-जा करतात. पाण्याला त्याची जागा ठेवली. आपल्याकडे यातलं तत्त्व घेता येईल: धक्का आणि रस्ता उचला, पण यार्ड आणि गावठाण यांच्यामधली खोलगट पट्टी भरू नका. ती पावसाळ्यात पाण्याची आणि उन्हाळ्यात धूळ अडवणाऱ्या झाडांची राहू दे.

रस्ता. वर्षाचे १२ लाख टन, कामाचे ३०० दिवस, म्हणजे दिवसाला ४,००० टन. पंचवीस टनी ट्रक धरला तर १६० भरलेले आणि तितकेच रिकामे. बारा तासांत ३२० फेऱ्या, सव्वादोन मिनिटाला एक ट्रक. शाळेसमोरून. हा आकडा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ग्रामसभेत लावा. वडखळ नाक्यावर आधीच काय होतं ते सगळे भोगतात. बंदराचा रस्ता गावठाणाबाहेरून आणि बंदराच्या पैशातून, आणि तो पूर्ण होईपर्यंत वाढीव माल उतरवायचा नाही, अशी क्रमाची अट घाला. ‘टप्पा दोनमध्ये रस्ता’ असं लिहिलेलं दिसलं की समजा तो रस्ता होणार नाही. ट्रकतळही महामार्गाच्या बाजूला हवा. ट्रकला तिथूनच वेळ देऊन धक्क्यावर बोलवायचं. काठाला लागून ट्रकतळ केला की चहाच्या टपऱ्या, गॅरेज, टायरवाले, आणि दहा वर्षांत तोच काठ.

‘भविष्यातील विस्तार’ या फिक्या रंगाला मी सगळ्यात जास्त घाबरतो. त्यावर काही बांधायचं नसतं, म्हणून त्यावर कोणी हरकत घेत नाही. पण तो रंग लागला की शेजारच्या जमिनीचे व्यवहार अडकतात, कर्ज मिळत नाही, बांधाची दुरुस्ती कोणी करत नाही, आणि खांड पडली की ‘पडीक’ म्हणायला मोकळे. इतक्या टनांच्या वर माल गेला आणि आधीचं यार्ड इतके टक्के भरलेलं राहिलं तरच विस्तार, अमुक वर्षांत तो गाठला नाही तर रंग काढायचा, असं लिहून घ्या. भाडेपट्ट्याचंही तसंच. देशातल्या मोठ्या बंदरांच्या जमिनीबाबत केंद्राचं २०१४ चं धोरण आहे. त्यात जमीन विकायची नाही, लिलाव करून साधारण तीस वर्षांपर्यंत पट्ट्याने द्यायची, अशी रीत आहे. ते लहान बंदरांना लागू नाही, पण तत्त्व उचलायला कोणाची हरकत नाही. काठावरची शासकीय जमीन पट्ट्यानेच, पोटभाड्याला बंदी, आणि ठरलेला माल सलग काही वर्षं उतरला नाही तर काठ परत.

मच्छीमारांबद्दल शेवटी लिहितोय, पण नकाशात त्यांचं चिन्ह सगळ्यात आधी यायला हवं. डोलीच्या जाळ्याचे खुंट कुठे आहेत, पाग म्हणजे फेकजाळं टाकणारे कुठे बसतात, होड्या कोणत्या उतारावर चढवतात, सुकट कुठे वाळते, यातलं काहीही सातबारावर नसतं. जे कागदावर नाही ते भरपाईतही नसतं. कोळी आणि आगरी दोन्ही वाड्यांतल्या बायकांना सोबत घ्या. मासळी कुठे उतरते आणि विकायला कोणत्या वाटेने जाते हे पुरुषांपेक्षा त्यांना नेमकं ठाऊक असतं. खोल पाण्याच्या त्या पाच-सहाशे मीटरांपैकी साठ-सत्तर मीटर मासळीच्या आणि तरीच्या धक्क्यासाठी, स्वतंत्र वाटेसह, बंदराच्या कुंपणाबाहेर मागा. नंतर देऊ म्हणतात, ते आतल्या वळणाच्या चिखलात देतात.

जनसुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी निघावी लागते आणि पर्यावरण अहवालाचा सारांश मराठीत द्यावा लागतो. सारांश वाचाच, पण खरी माहिती परिशिष्टांत असते: खोलीचा नकाशा, भरावाचं प्रमाण, उपसलेला गाळ कुठे टाकणार ते. सुनावणीत भाषण करू नका. तुमचं म्हणणं लेखी द्या, पोच घ्या, आणि इतिवृत्त तिथेच वाचून दाखवा असा आग्रह धरा.

त्याआधी एक काम करा. जुलै-ऑगस्टमधल्या अमावस्येनंतरच्या दोन दिवसांत, दिवसाच्या मोठ्या भरतीला, दहा-बारा जणांनी नकाशा घेऊन बांधावरून चाला. तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ येते हे घरातल्या मोठ्यांना माहीत असतं. खाडीत आत तुमच्याकडे ती थोडी उशिरा येईल. पाणी चढून थबकेल तिथे बांधावर, खांबावर, भिंतीवर चुन्याची खूण करा आणि तारीख-वेळेसह फोटो काढा. मग त्या खुणा सल्लागारांच्या नकाशातल्या भरती रेषेवर ठेवून बघा. दोन्ही जुळल्या तर उत्तम. नाही जुळल्या, तर तुमच्या हरकतीचं पहिलं पान तेच.